दुबई तीन तास, केळशी सात तास



आज प्रवासाबद्दल बोलायचं आहे, पण सहलीच्या नाही आणि तीर्थयात्रेच्याही नाही. आपल्या घरातली माणसं ज्या वाटेने पोट भरायला गेली आणि ज्या वाटेने सुट्टीला परत येतात, त्या वाटेबद्दल. बाणकोट, केळशी, आंजर्ले, हर्णै, बुरोंडी, दाभोळ हा आपला किनारा. इथे ज्या घरातलं कुणीच मुंबईला नाही असं घर शोधावं लागतं. आणि ज्या घरातलं कुणी कधीच दुबई, कुवेत, मस्कत किंवा दोह्याला नव्हतं असं घर मोहल्ल्यात शोधावं लागतं. आता तर वाडीवाडीतली पोरं तिकडे आहेत. कुणी एसीच्या कामाला, कुणी हॉटेलात, कुणी ड्रायव्हर. २०११च्या जनगणनेत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या. बाहेरचे लोक हा आकडा वाचून मुलींच्या जन्माबद्दल आपलं कौतुक करतात. आपल्याला ठाऊक आहे की ही पुरुष कमी असण्याची मोजणी आहे. ते कुठे आहेत तेही ठाऊक आहे.

तर आधी अंतर बघू. मुंबई ते दुबई सरळ रेषेत सुमारे १९३० किलोमीटर. मुंबई ते केळशी सरळ रेषेत, म्हणजे कावळा उडेल तसं, सव्वाशेच्याही आत, साधारण ११५ किलोमीटर. दुबई आपल्यापेक्षा सोळापटीहून लांब. पण दुबईहून मुंबईला यायला विमानाला तीन तास लागतात, आणि विमानतळावरून केळशीला पोचायला सहा-सात तास. गणपतीच्या दिवसांत किती, ते मी सांगत नाही.

हे असं नेहमीच होतं का? मुळीच नाही. शंभर वर्षांपूर्वी अगदी उलट होतं, आणि हे कसं फिरलं ते बघण्यासारखं आहे.

पण त्याआधी तिकिटाचा एक घोळ सोडवते, कारण तो मला पुष्कळजणी विचारतात. मुंबईहून सकाळी दहाला सुटलेलं विमान दुबईला पावणेबाराला उतरतं असं तिकिटावर छापलेलं असतं. म्हणजे पावणेदोन तास? आणि दुबईहून दहाला सुटलेलं विमान मुंबईत दुपारी अडीचला उतरतं. म्हणजे साडेचार तास? एवढा फरक कसा? तर तिकिटावर प्रत्येक गावाची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. दुबईचं घड्याळ आपल्यामागे दीड तास आहे. आपल्याकडे दहा वाजतात तेव्हा तिथे साडेआठ. जाताना पावणेदोनमध्ये दीड मिळवायचा, म्हणजे सव्वातीन तास. येताना साडेचारातून दीड वजा करायचा, म्हणजे तीन तास. हा खरा हवेतला वेळ.

तरी जाताना पंधरा-वीस मिनिटं जास्त राहतातच. ती वाऱ्यामुळे. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातं, आणि तिथे, विशेषतः थंडीच्या दिवसांत, वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतो. येताना तो पाठीशी असतो, जाताना तोंडावर. होडीवाल्याच्या घरात जन्मलेल्या बाईला हे समजावून सांगायला नको. आणि ताशी साडेआठशे किलोमीटरने भागलं तर खरं म्हणजे सव्वादोन तासच यायला हवेत. उरलेला पाऊण तास धावपट्टीपर्यंत चालत जाण्यात, वर चढण्यात, खाली येण्यात आणि मुंबईवर घिरट्या घालत उतरायची पाळी येण्यात जातो.

आता मागे जाऊ या, अगदी साडेपाचशे वर्षं मागे.

अफानासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी १४७०च्या सुमारास आपल्या या भागात आला होता. इराणच्या आखाताच्या तोंडाशी होर्मुझ बेट आहे, तिथून गलबतात बसून तो चौलला उतरला. घोडा विकायला आणला होता त्याने. बहामनी राज्यात काही वर्षं हिंडून तो परत निघाला तो आपल्या दाभोळहून. दाभोळ तेव्हा फार मोठं बंदर होतं, अरबस्तानातून घोडे तिथे उतरत. निकितिनने आपल्या प्रवासाची वही लिहून ठेवली आहे. दाभोळहून होर्मुझला जायला निघालेलं त्याचं गलबत महिनाभर समुद्रात होतं, जमीन दिसली नाही. दिसली ती थेट हबशांच्या मुलुखाची, म्हणजे आफ्रिकेची. तिथून बारा दिवसांनी मस्कत, आणि पुढे नऊ दिवसांनी होर्मुझ. दीड महिन्याहून जास्त झाला. दुबई त्या होर्मुझपासून फार लांब नाही, म्हणजे वाट हीच.

शिडाच्या गलबताला तास नसतात, मोसम असतो. मिरग लागला की दर्या बंद, आणि नारळी पुनवेला नारळ वाहिल्याशिवाय उघडायचा नाही. गेलेला माणूस त्या मोसमात परत फिरला नाही तर पुढच्या मोसमापर्यंत वाट बघायची, एवढाच त्याच्या बायकोचा हिशोब. आखातातून खजूर यायचा, आपल्या बाजूने इमारती लाकूड, काथ्या, तांदूळ जायचा. आपल्या किनाऱ्यावरचे तांडेल आणि खलाशी हा मार्ग पिढ्यान्‌पिढ्या जाणून होते. तेल सापडल्यावर कोकणी माणूस आखातात गेला असं आपण म्हणतो ते अर्धवट आहे. तेल सापडल्यावर तो मोठ्या संख्येने गेला. वाट त्याला आधीपासून माहीत होती.

मग वाफेच्या बोटी आल्या. १८६२पासून ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या टपालबोटी मुंबई–कराचीहून आखातात ये-जा करू लागल्या. कराची, मस्कत, बंदर अब्बास, पुढे दुबई, बहारीन, बुशहर, कुवेत आणि शेवटी बसरा, असं एकेक बंदर घेत बोट जायची. प्रत्येक ठिकाणी माल चढ-उतार. मुंबईहून दुबई म्हणजे आठवड्याच्या आसपासचा प्रवास. आपले लोक डेकवर, स्वतःची वळकटी आणि शिदोरी घेऊन. १९०९ साली दुबईत टपाल ऑफिस उघडलं ते भारतीय टपाल खात्याचं, तिकिटंही आपलीच. १९६६पर्यंत तिथे रुपयात व्यवहार चालत होता, हेही आजच्या मुलांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. त्या काळी पैसे पाठवणाऱ्याला दिरहमचा भाव विचारावा लागत नव्हता.

या बोटींतली एक ‘दारा’. ८ एप्रिल १९६१ला दुबईजवळ तिच्यात स्फोट झाला आणि २३८ माणसं गेली. आखातात कामाला गेलेले, तिथून परत निघालेले असे हिंदी, पाकिस्तानी, अरब लोक तिच्यावर होते. त्याच ताफ्यातली ‘द्वारका’ १९८२पर्यंत या मार्गावर चालली. म्हणजे विमानं सुरू होऊन किती वर्षं झाली तरी गरीब माणसाची बोट सुटली नव्हती.

विमानाची गोष्ट तर आपल्या मुंबईतच सुरू होते. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा एका लहानशा विमानात टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. त्याच वर्षी लंडनहून कराचीला येणारी इम्पीरियल एअरवेजची विमानं दुबईशेजारच्या शारजाला मुक्कामाला थांबू लागली. त्या विमानांत साहेब लोक बसायचे. आपला माणूस त्यांच्या खालून, आठ दिवसांच्या बोटीने जात होता. दुबईचा विमानतळ ३० सप्टेंबर १९६०ला उघडला, तेव्हा तिथली धावपट्टी दाबून बसवलेल्या वाळूची होती. १९७३नंतर तेलाचे भाव चढले, तिकडे रस्ते, इमारती, बंदरं उभी राहायला लागली आणि माणसं हवी झाली. इकडे १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि ज्या गिरण्यांवर कोकणातली चूल पेटत होती त्यांतल्या पुष्कळशा पुन्हा नीट चालू झाल्याच नाहीत. चाकरमान्यांच्या पुढच्या पिढीतल्या काहींनी मग परळऐवजी सांताक्रूझचा रस्ता धरला.

असा हा आठ दिवसांचा प्रवास तीन तासांवर आला. आता दुसरा तुकडा, मुंबई ते केळशी.

नव्वद-शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे रस्ता म्हणजे समुद्रच. मुंबईहून सुटलेली आगबोट श्रीवर्धन, बाणकोट करत हर्णैला यायची. दिवसाभराचा प्रवास. बोट खोल पाण्यात उभी राहायची, उतारूंना पडावात उतरवून किनाऱ्याला आणायचे. लुगडं सावरत, पोर कडेला घेऊन त्या हलत्या शिडीवरून पडावात पाय टाकणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलं त्या बायका आता फार थोड्या उरल्या. हर्णैहून केळशीला बैलगाडी, होडी किंवा पायपीट. सगळं जमून आलं तर मुंबईहून निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी घरी. पावसाळ्यात बोटी बंद, मग तर देशावरून घाट उतरून यायचं किंवा यायचंच नाही.

हा प्रवास सुखाचा होता असं म्हणायचं नाही मला. नोव्हेंबर १९२७मध्ये वादळात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली, त्यात सहाशेहून जास्त माणसं गेली. दिव्याची अवस होती, सणाला घरी निघालेले लोक होते ते.

१ जून १९४८ला पहिली एसटी पुणे ते नगर धावली आणि पुढे हळूहळू लाल गाडी आपल्या घाटांतूनही फिरू लागली. आगबोटी मात्र ऐंशीच्या दशकात थांबल्या. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ला पूर्ण मार्गावर सुरू झाली, पण ती दापोली–मंडणगडाला बगल देऊन खेडवरून गेली. खेडला उतरून घाट चढून दापोली, दापोलीहून पुन्हा केळशी, यात वाचलेला वेळ परत जातो. म्हणून बहुतेकजण अजून रस्त्यानेच येतात. पनवेल, पेण, माणगाव, लोणेरे फाटा, तिथून आंबेतला सावित्री ओलांडून म्हाप्रळ, मंडणगड आणि खाली केळशी. महामार्गाचं रुंदीकरण २०११ला सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेली मुलं दहावीला पोचली. आंबेतचा पूलही अलीकडे दुरुस्तीला बंद ठेवावा लागला तेव्हा तिथे फेरीबोट चालवली होती. काहीजण श्रीवर्धनकडून बागमांडल्याला येतात आणि फेरीबोटीने वेसवीला उतरतात. गाडी बोटीवर चढवून खाडी पार करायची ही सोय आपल्या तालुक्यात दाभोळ–धोपावेला २००३पासून आली. म्हणजे पुन्हा पाण्याचीच वाट.

हिशोब मांडून बघा. शंभर वर्षांत दुबई ते मुंबई हा प्रवास आठ दिवसांचा तीन तास झाला. मुंबई ते केळशी हा एका दिवसाचा सात तास झाला. पूर्वी मुंबई गाठली म्हणजे घर आलं असं वाटायचं. आता मुंबई गाठली की खरा प्रवास सुरू होतो. ११५ किलोमीटरच्या सरळ रेषेला रस्त्याने सव्वादोनशे किलोमीटर पडतात, कारण मध्ये खाड्या आहेत आणि डोंगर आहेत. पण खाड्या आणि डोंगर शंभर वर्षांपूर्वीही होते. फरक एवढाच की विमानाच्या वाटेवर पैसा ओतणारे पुष्कळ मिळाले, आणि आपल्या वाटेवर आपणच. हे माझं मत आहे, ते पटलंच पाहिजे असं नाही.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते. सुट्टीला येणाऱ्याला सात तास काय आणि नऊ काय, फार फरक पडत नाही. घरात कुणी गेलं की पडतो.

आपल्या गावात महालक्ष्मीची चैत्रातली जत्रा आणि याकूबबाबांचा उरूस, दोन्हीकडे सगळे जातात, तसं मयताच्या घरीही सगळे जातात. आणि दोन्हीकडच्या घरांत पहिला प्रश्न एकच असतो, तिकडचा पोहोचणार का? मुसलमान घरात दफन लवकर करायचं असतं, शक्यतो त्याच दिवशी. हिंदू घरात मुलासाठी थांबतात, पण बर्फावर किती थांबायचं यालाही मर्यादा आहे. तेव्हा पुरुष मंडळी बाहेर बोलत असतात, आणि आत बायका तासांचा हिशोब करत असतात. समजा पहाटे पाचला प्राण गेला. फोन क्षणात लागतो, दुबईत साडेतीन वाजलेले असतात. मालकाची परवानगी, तिकीट, सकाळी आठचं विमान मिळालं तर आपल्याकडे तेव्हा साडेनऊ. साडेबाराला मुंबई. इमिग्रेशन आणि सामान यात तास, दीड वाजता बाहेर. स्वतःची गाडी आणि रस्ता मोकळा, तर सहा तास. साडेसातला तो पाखाडीत. इशाच्या नमाजनंतरचं दफन त्याला मिळू शकतं. पण आठचं विमान चुकलं आणि तिथल्या दुपारी दोनचं मिळालं तर तो मध्यरात्र उलटून दीडला येणार, आणि मग निर्णय घ्यावा लागतो. थांबा म्हणायचं की करा म्हणायचं, हे बहुतेक वेळा त्या घरातल्या आईला किंवा बायकोला विचारलं जातं. आमच्या शेजारच्या एका बाईने ‘करा’ म्हटलं होतं. मुलगा रात्री पोचला. त्याने आईला एका शब्दाने बोल लावला नाही, पण ती आजही तो हिशोब पुन्हापुन्हा करते. माणगावला गाडी अडकली नसती तर, पहिलं विमान मिळालं असतं तर.

‘श्यामची आई’ आपल्यापैकी कुणी वाचली नाही असं नाही. साने गुरुजी आपल्याच तालुक्यातल्या पालगडचे. श्यामची आई गेली तेव्हा श्याम शिकायला लांब होता, तिला शेवटचा भेटला नाही. तेव्हा बैलगाडी आणि बोट होती म्हणून असं झालं, आता तसं होणार नाही, असं आपण शाळेत असताना समजत होतो.

आणि एक वर्ष असं आलं की तास मोजायचीच सोय राहिली नाही. मार्च २०२०च्या शेवटच्या आठवड्यात परदेशची विमानं बंद झाली. आखातातली आपली माणसं खोल्यांत अडकली, काम बंद, पगार बंद. ७ मेपासून ‘वंदे भारत’ची विमानं माणसं आणू लागली, पण नंबर लागेपर्यंत आठवडे गेले. त्यात ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि केळशीपासून दापोलीपर्यंत सुपारी, नारळाच्या बागा झोपवून गेलं. कौलं, पत्रे उडाले, वीज गेली, टॉवर पडले, फोन लागेनात. तिकडे मुलगा दुबईत टीव्हीवर आपलं गाव बघतोय आणि इकडे आई जिवंत आहे की नाही हे त्याला कळत नाही. निकितिनच्या काळी जसं होतं तसंच ते झालं. काहींनी मंडणगडपर्यंत चालत, गाडीने, जमेल तसं जाऊन जिथे रेंज मिळेल तिथून फोन केले. आणि हे पुष्कळदा बायकांनी केलं, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं. नियमित विमानं २७ मार्च २०२२ला पुन्हा सुरू झाली.

थोडं चांगलंही सांगायला हवं. १७ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून विमानतळावर आणायला जाणाऱ्यांत बायका वाढल्या आहेत. पूर्वी मामा किंवा दीर जायचा. १२ जानेवारी २०२४ला शिवडीहून न्हावाशेव्याला अटल सेतू खुला झाला, जवळजवळ बावीस किलोमीटरचा, त्यामुळे मुंबईतून बाहेर पडणं सोपं झालं. आणि पनवेलजवळच्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झालं. आपल्या दृष्टीने त्याचा अर्थ सरळ आहे. आखाताची विमानं तिथे उतरतील तेव्हा उतरणारा माणूस आधीच पनवेलला असेल, मुंबई ओलांडायचा तास-दीड तास वाचेल. पनवेलपासून पुढचा रस्ता मात्र तोच आहे.

तेव्हा तिकीट काढताना मुलाला एवढं विचारा, विमान कुठल्या विमानतळावर उतरणार आहे आणि आपल्या घड्याळाने किती वाजता. रात्री उतरणार असेल तर पनवेलला मंडणगड किंवा दापोलीची पहिली गाडी किती वाजता आहे ते आधी आगारात फोन करून विचारून ठेवा. पावसाळ्यात आंबेतचा पूल चालू आहे ना तेही विचारा. आणि घड्याळाची दीड तासाची वजाबाकी येत नसेल तर नातीला विचारा, तिला येते.